माळ्यावरची शर्यत आणि आईच्या डोळ्यांचा कौल

आमच्या घरच्या देवाने आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नकार दिला, तेव्हा मी माळ्यावर ताशी दोनशे दहा किलोमीटर वेगाने बसलो होतो.

बसलो होतो म्हणजे खुर्चीतच. माझी ती गाडी जागची हलत नाही. तिला रेसिंग सिम्युलेटर म्हणतात आणि ती मी स्वतःच्या हातांनी बांधली (माझी बायको मंगल म्हणते, घर मोडून बांधली). कणकवलीच्या भंगारवाल्याकडून आणलेली कुठल्याशा मोटारीची सीट, फणसाच्या लाकडाचा सांगाडा, समोर मोठा पडदा, हातात स्टिअरिंग, पायाखाली पेडल. खऱ्या रस्त्यावर मी स्कूटरने पस्तीसच्या वर जात नाही. मागून एसटीने हॉर्न दिला की मी स्कूटर बाजूला घेतो, उतरतो आणि एसटी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहतो. अशा माणसाने वेगाची हौस भागवायची तरी कुठे?

नुसत्या चित्राने माझं समाधान होईना. मागून येणारी गाडी मागूनच ऐकू आली पाहिजे, म्हणून डोक्याभोवती पाच स्पीकर लावले. मग वाटलं, कानाला सगळं कळतंय, पण अंगाला काहीच लागत नाही. म्हणून दोन शेकर आणले. शेकर म्हणजे पडदा नसलेला स्पीकर समजा. तो गात नाही; ज्याला जखडाल त्याला गदागदा हलवतो. एक सीटच्या डाव्या अंगाला, एक उजव्या. गाडीचं डावं चाक ट्रॅकच्या कडेच्या लाल-पांढऱ्या उंचवट्यावर चढलं की डावा शेकर खवळतो आणि आपली डावी बाजू दाढेपासून टाचेपर्यंत खुळखुळते. काय सांगू, स्वर्ग!

जाणकार म्हणतात, सांगाड्याखाली जाड रबर घाला, नाहीतर कंपन घरभर हिंडतं. मी म्हटलं, एवढ्या हौसेने आणलेलं कंपन रबराला का खाऊ घालायचं? सांगाडा लांबलचक बोल्ट मारून थेट माळ्याच्या तुळईला जखडला. मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. एका वस्तूची थरथर दुसरीत कशी जाते, त्या प्रयोगाचं टेबल अठरा वर्षं मीच मांडतोय.

त्याच तुळईला, खालच्या खोलीत, आमचा देव्हारा दोन साखळ्यांनी टांगलेला आहे.

आता आई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि दोन वर्षं ती सगळ्यांना सांगत होती की आपल्याला सगळं दिसतं. एकदा खुंटीवरचा माझा रेनकोट म्हणजे मीच असं समजून ती त्याला पाऊण तास बोलत बसली आणि तो उलटून बोलला नाही म्हणून मंगलपाशी त्याचं कौतुकही केलं. इथवर आम्ही हसत होतो. मग एका सकाळी विहिरीच्या पायरीवर तिचा पाय चुकला. मंगल मागे होती, तिने पदर धरला म्हणून आई वरच राहिली. त्या दिवसापासून घरात कोणी हसलं नाही. ओरोसच्या डॉक्टरांनी एका डोळ्यासाठी गुरुवारची तारीख दिली आणि आता चालढकल नको म्हणून बजावलं. आई तयार झाली, पण एका अटीवर. देवाने कौल दिला पाहिजे.

गावच्या देवळात कौल गुरव लावतो. आमच्या घरच्या देवाच्या मुखवट्याला मात्र तो लावायचा मान माझ्या धाकट्या काकांचा, भाऊकाकांचा. मुखवट्याच्या दोन्ही गालांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. देवाच्या उजव्या गालावरची आधी पडली तर होय, डाव्या गालावरची पडली तर नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता मंगल जिन्याखालून म्हणाली, "अहो, भाऊकाका कौल लावतत. तो तुमचो आवाज बंद करा आणि खाली येवा."

मी आज्ञाधारक माणूस. पाचही स्पीकर बंद केले आणि कानांवर हेडफोन चढवले. शेकरांचा अॅम्प्लिफायर वेगळा होता, तो तसाच चालू राहिला. खाली लगेच जायची घाई नव्हती, कारण भाऊकाकांचं गाऱ्हाणं मला ठाऊक आहे. ते सुरू होतं गावाच्या वेशीपासून, सगळे देव-देवचार घेत, पूर्वजांना एकेकाला हाक मारत, तीस-पस्तीस मिनिटांनी मुद्द्यावर येतं. तेवढ्यात माझ्या निवांत दहा फेऱ्या होतात. पण त्या दिवशी भाऊकाकांना तळेऱ्याला लग्नाच्या जेवणाला जायचं होतं. त्यांनी पूर्वजांच्या चार पिढ्या गाळल्या!

मी वर ज्या ट्रॅकवर होतो त्याच्या तिसऱ्या वळणावर माझी गाडी डावीकडे उंचवट्यावर चढते. दर फेरीला चढते. मी सातत्य असलेला ड्रायव्हर आहे.

खाली आलो तर सगळे हात जोडून बसलेले. मंगलने कुजबुजत सांगितलं ते असं. पहिल्या खेपेला डावी पाकळी पडली. भाऊकाकांनी देवाला पुन्हा विनवलं, पुन्हा डावी. तिसऱ्या खेपेला तर समईची ज्योत थरथरली, साखळीतली घंटा आपोआप किणकिणली आणि देव्हाऱ्यातून 'घुर्रर्र' असा आवाज आला. देव हुंकारलो, असं भाऊकाका म्हणाले आणि मटकन खाली बसले. तीस वर्षांत त्यांच्या हातून देव कधी हुंकारला नव्हता. लग्नाचं जेवण ते साफ विसरले, यावरून काय ते समजा.

आई शांतपणे म्हणाली, "झालां मगे. देव नको म्हणता तर नको." आणि डॉक्टरांना कळवायला सांगितलं.

मी काय केलं म्हणता? फिजिक्सचा माणूस मी, देव्हाऱ्यापुढे साष्टांग आडवा झालो.

संध्याकाळपर्यंत ही बातमी वाडीभर झाली. कोणी नारळ घेऊन आलं, कोणाला होडीचं इंजिन बदलावं की नाही हे हुंकारणाऱ्या देवालाच विचारायचं होतं. भाऊकाकांनी नवं धोतर काढलं आणि लोकांना वार वाटून दिले. मी तेवढी एक लबाडी केली, डॉक्टरांना फोन केलाच नाही.

सोमवारी कॉलेजातून आल्यावर मन रमेना म्हणून माळ्यावर जाऊन बसलो. चौथी की पाचवी फेरी असेल, कोणीतरी माझ्या कानांवरचे हेडफोन खस्सकन ओढले. मंगल उभी होती, हातात अर्धी घासलेली समई.

"खाली घंटा वाजली. आता केल्यात तसाच परत चालवा बघूया," ती म्हणाली आणि खाली गेली.

मी चालवलं. तिसरं वळण, डावा उंचवटा, खालून घंटा. तिने मुखवट्याला पाकळ्या लावल्या. तिसरं वळण, डावी पाकळी खाली. माझी सीट पूर्वेला तोंड करून आणि देवही पूर्वेला तोंड करून. माझं डावं तेच देवाचं डावं, आणि डाव्या शेकराचा बोल्ट बरोबर देव्हाऱ्याच्या डाव्या साखळीवर. आईच्या डोळ्यांचा निकाल देवाने दिला नव्हता. माझ्या ड्रायव्हिंगने दिला होता.

खात्री करायला मंगलने मला उजव्या उंचवट्यावर चढायला सांगितलं. मी सहा फेऱ्या मारल्या आणि सहाही वेळा डावीकडे गेलो.

खालून तिचा आवाज आला, "तुमका उजवीकडे धडकाक पण जमणा नाय काय?"

मंगळवारी सकाळी आई आणि भाऊकाकांना समोर बसवून मी सगळं कबूल केलं. भाऊकाकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे माझे आदीचे कौल?" त्यांच्या कौलावर लग्नं ठरली होती, विहिरी खणल्या होत्या, माझा एक भाऊ दुबईला गेला होता. मी छातीठोकपणे सांगितलं की शेकर येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत, त्याआधीचे सगळे कौल अस्सल. त्यांनी असा श्वास सोडला की समई विझली.

आईचा विश्वास बसेना. तिने देव्हाऱ्याच्या साखळीवर हात ठेवला आणि मला वर पिटाळलं. तिसऱ्या वळणानंतर मी खाली आलो तेव्हा ती तळहात चोळत बसली होती.

"माझे डोळे गेले, ता माका ठावक आसा," ती म्हणाली. "तुझी अक्कल खंय गेली रे?"

मी पाना शोधायला गेलो.

पण आईने हट्ट सोडला नव्हता. कौल फुकट गेला असला तर नवा लावायचा, आणि देव जे सांगेल तेच करायचं. बुधवारी सकाळी मी सांगाड्याचे बोल्ट काढले. भाऊकाकांनी घराचा मेन स्विच बंद करवला, फ्रिजसुद्धा. मला देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभं केलं, डोळ्यांसमोर, म्हणजे मी कशाला हात लावणार नाही. गाऱ्हाणं पूर्ण झालं. या वेळी एकही पिढी गाळली नाही. दोन नवीनच ऐकल्या! "बा देवा म्हाराजा," भाऊकाका म्हणायचे आणि आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचो, आणि दर वेळी माझा आवाज आणखी बारीक व्हायचा. कारण आता डावी पडली तर बोट दाखवायला कोणी नव्हतं. गुरुवार जाणार होता, आणि विहीर तिथेच राहणार होती.

पाकळ्या हलेनात. मंगलने माझं मनगट धरलं. उजवी पाकळी थोडी घसरली आणि थांबली. मी श्वास घेतला नाही, उगाच माझ्या श्वासाने काही व्हायला नको. मग ती आणखी घसरली, सुटली आणि ताम्हनात पडली.

मंगल रडायला लागली. भाऊकाकांनी डोळे पुसले आणि आईला हाताला धरून उठवलं. इतकं हलकं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. मी पहिला फोन ओरोसला केला आणि उद्या येतो म्हणून दोनदा सांगितलं.

ऑपरेशन छान झालं. शुक्रवारी डॉक्टरांनी पट्टी काढली आणि आईने मान वळवून एकेकाला बघायला सुरुवात केली. मंगलला बघून म्हणाली की किती वाळलंस गो. भाऊकाकांना शर्टावरचा डाग दाखवला. मग तिची नजर माझ्यावर आली, कपाळापासून टकलावर गेली, तिथून पोटावर उतरली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

"मंगल, हो कोण गो?"

"आई, तुमचो झील."

डॉक्टरांनी डायरी उघडली आणि दुसऱ्या डोळ्यासाठी कुठली तारीख लिहू म्हणून विचारलं. आईने आपल्या या मुलाला पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.

"दुसऱ्या डोळ्याची घाई नाय, डॉक्टर," ती म्हणाली. "ह्या एकान दिसलां तितक्यां पुरे."