खंडेनवमी आणि मधलं सिलिंडर

माझ्या सासऱ्यांना दोन मुली आणि एक गाडी. थोरली मुलगी मला देताना त्यांनी एकही अट घातली नव्हती. गाडी देताना मात्र अर्धा तास अटीच सांगत होते.

दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला होतो आणि मारुंजीत घरमालक आण्णांच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. नानांनी (म्हणजे सासऱ्यांनी) दिलेली गाडी छोटी, पांढरी, तीन सिलिंडरची, मागे मोठ्या अक्षरांत 'एमपीएफआय' लिहिलेली. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, त्या सुरुवातीच्या काळातली. गाडीला इंजेक्शन आहे हे नाना अशा थाटात सांगायचे, जणू ते त्यांनी स्वतः टोचलंय. साताऱ्याहून फोन आला की पहिला प्रश्न, "गाडी कशी आहे?" तिची साग्रसंगीत चौकशी झाली की मग, "बरं, वैशू आहे का घरात?"

शेवटची अट सगळ्यात जड होती. "सुधीरराव, दसऱ्याला येईन आणि बॉनेट उघडून बघेन. हयगय दिसली तर गाडी मिलिंदरावांना."

मिलिंदराव म्हणजे माझा साडू, कोल्हापूरचा. हा माणूस पायातल्या चपलासुद्धा पुसून कपाटात ठेवतो. गाडीमुळे आम्ही सहा आसनी रिक्षात दहावा आणि अकरावा माणूस म्हणून लोंबकळायचं नुकतंच बंद केलं होतं. ती साडूच्या दारात गेली असती तर वैशालीने मला जन्मभर ऐकवलं असतं.

म्हणून खंडेनवमीला सकाळीच मी गाडी धुवायला काढली. शेजारी आण्णा पाण्याच्या मोटारीचा पाइप लावून ट्रॅक्टर धूत होते. माझी बादली आणि फडकं बघून त्यांना कीव आली.

"सायेब, असं पुसून कुटं गाडी निगती व्हय? ह्यो घ्या पाइप."

घेतला. गाडी लख्ख झाली. मग आठवलं, नाना बघणार आहेत ते बॉनेटच्या आत! (हीच ती अक्कल, जिच्यासाठी कंपनी मला पगार देत होती.) बॉनेट उघडलं आणि इंजिनावर पाण्याचा फवारा सोडला. कानाकोपरा सोडला नाही. वर्षानुवर्षांचा मळ वाहून गेला आणि आतलं ॲल्युमिनियम चमकायला लागलं. मी इतका खूश झालो की वैशालीला हाक मारून दाखवलं.

तिने गाडीला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. मग घरातली सगळी हत्यारं देवापुढे मांडली. विळी, कात्री, माझा लॅपटॉप, आणि गाडीच्या डिकीतली पाने-स्क्रूड्रायव्हरची पिशवी. सगळ्यांवर झेंडूची फुलं ठेवून ती हात जोडून उभी राहिली, आणि मी गाडी सावलीत लावावी म्हणून किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली, पण अशी, की जणू पाठीत उसण भरलेला माणूस खुर्चीतून उठतोय. धक, धक, फस्स. धक, धक, फस्स. आरशाला बांधलेली लिंबू-मिरची थडथड उडायला लागली.

आण्णा ट्रॅक्टर सोडून आले आणि कान लावून ऐकू लागले. "मिसिंग मारतीया."

"म्हणजे?"

"तिनातलं येक काम करत न्हाई. पेट्रोलात पानी आसंल."

पाणी कुठे आहे हे त्याच क्षणी मला कळायला हवं होतं. पण पेट्रोल आपण कुठे भरलं, तो पंपवाला कसा दिसत होता, यावर मी आणि आण्णांनी बराच वेळ चर्चा केली. शेवटी इंटरनेटवर कधीतरी वाचलेलं आठवलं. आधी स्पार्क प्लग काढून बघावा. त्यासाठी प्लगचा पाना लागतो. मी देवघराकडे गेलो.

"हात लावू नका," वैशाली म्हणाली.

"अगं, एकच पाना."

"पूजेला बसवलंय. उद्या दसऱ्याला उठवायचं. शस्त्र आहे ते."

"गाडी बंद पडली तर नाना..."

"नानांनीच शिकवलंय मला हे."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी आण्णांकडे पाना मागितला. ते खजील झाले. "आमचं बी समदं बसलंय की पूजंला." नाक्यावरच्या गॅरेजात गेलो. मेकॅनिक नवा शर्ट घालून बाहेर खुर्ची टाकून बसला होता. मागे त्याची सगळी हत्यारं ओळीने मांडलेली, प्रत्येकावर कुंकवाचं बोट. "उद्याच्याला या," तो प्रसन्नपणे म्हणाला. त्या दिवशी अख्ख्या मारुंजीत एक स्पार्क प्लग खोलता येईल असं एकही हत्यार मोकळं नव्हतं.

राहिले माझे दोन हात. प्लगच्या वायरी हाताने निघतात. इंजिन चालू ठेवून एकेक वायर उपसायची. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर मेलेलं. मी पहिली वायर धरली आणि पुढच्या क्षणी मी अंगणात, वायरीपासून चार हात लांब उभा होतो. हात कोपरापर्यंत झिणझिणत होता.

"करंट हाय वाटतं," आण्णा म्हणाले.

मग रबरी चप्पल हातात घालून वायरी काढल्या. पहिली काढली, गाडी बंद पडायला आली. मधली काढली, काही फरक नाही. "मधलं सिलिंडर!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कॉम्प्युटर सोडून दुसऱ्या कशातला तरी बिघाड शोधला होता. त्या आनंदात मी इंजिन बंद केलं, तिन्ही वायरी दोन्ही टोकांनी उपटल्या आणि फडक्याने पुसून पायरीवर उन्हात ठेवल्या.

वाळल्यावर लक्षात आलं, की कुठली कुठे होती हे मी बघितलेलंच नाही.

पण मी प्रोग्रामर. तीन वायरी, म्हणजे सहाच शक्यता. एकेक लावून बघायची. पहिल्या शक्यतेला गाडीने मागून असा बार काढला की आण्णांची म्हैस दावं तोडून उसाकडे गेली. दुसऱ्या बाराला शेजारच्या तीन खोल्यांतली माणसं दारात आली. "सायेब, फटाकं दिवाळीला," आण्णा म्हशीमागे धावता धावता म्हणाले. एका शक्यतेला गाडी बार न काढता नुसती धकधकली. ती बरोबर जोडणी होती. पण मधलं सिलिंडर अजून पाण्यात होतं, त्यामुळे ती थरथरली, आणि थरथरते म्हणजे चूक, असं ठरवून मी ती नापास केली. सहाही नापास झाल्यावर शेवटची जोडणी होती तशीच ठेवली आणि अंघोळीला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले. चहासुद्धा न घेता बॉनेट उघडलं. बराच वेळ बघत राहिले.

"इंजिन धुतलंत?"

"हो नाना."

"पाइपने?"

मी आण्णांच्या पाइपकडे बघितलं. नाना आत बसले, किल्ली फिरवली. गाडी थरथरली, डॅशबोर्डवरचा गणपती मान हलवायला लागला. मग एक बार निघाला आणि आण्णांची म्हैस नुसत्या आवाजाने उठून उभी राहिली. नानांनी गाडी बंद केली आणि खाली उतरून हार काढून माझ्या हातात दिला. आता कोल्हापूर!

"मिलिंदरावांना देणार होतो," ते म्हणाले. "आजच घेऊन निघणार होतो. पण इतक्या टापटिपीच्या माणसाच्या गळ्यात असली गाडी कुठल्या तोंडाने बांधू? आता ती तुमच्याच लायकीची झालीय. ठेवा."

श्रीखंड-पुरी खाऊन नाना आडवे झाले. संध्याकाळी वैशालीने हत्यारं उठवली. मी मधला प्लग खोलला, त्याच्या खड्ड्यात साचलेलं फवाऱ्याचं पाणी फडक्याने टिपलं, प्लग परत बसवला आणि पुन्हा त्या सहा शक्यता सुरू केल्या. (आण्णांनी म्हैस आधीच लांब नेऊन बांधली.) नाना घोरत होते, बार झाला की कूस बदलत होते. तिसऱ्या खेपेला गाडी शिवणयंत्रासारखी गुणगुणायला लागली. मी धावत नानांना उठवायला निघालो. वैशालीने माझा दंड धरला.

"कुठे?"

"सांगतो ना, नीट झाली म्हणून."

"आणि मिलिंदच्या दारात पाठवता?" ती हळूच म्हणाली. "जा, बिघडवून या."

गेलो. मधली वायर अर्धी उपसून ठेवली.

पुढे गाडी आमच्याकडे होती तोवर नाना येणार असले की आदल्या दिवशी मी हेच करायचो. नाना उतरायचे, धकधक ऐकायचे आणि समाधानाने मान हलवायचे. गाडीची माझ्या हातून कशी वाट लागली हे ते सगळ्या नातेवाइकांना सांगायचे आणि मी शेजारी बसून हो हो म्हणायचो. गाडीतला तेवढा एकच बिघाड मला आजही नुसत्या आवाजावरून नेमका ओळखता येतो. तो दर वेळी मीच केलेला असायचा.