जिताड्याचं डोकं

माघ सरत आला होता, तरी रोह्यात सकाळी सातपर्यंत समोरचं घर दिसत नव्हतं. कुंडलिकेवरनं उठलेलं धुकं गल्लीत शिरून बसलेलं आणि चंद्रावतीच्या चुलीचा धूर खोलीतच घुटमळत होता. स्टेशनाजवळच्या खानावळीला तिच्या चाळीस भाकऱ्या रोज जातात. उकड काढायची, गरम असतानाच मळायची, पाण्याचा हात घेऊन थापायची. तीस वर्षांची सवय. पण त्या दिवशी तिसरी भाकरी तव्यावर टाकताना फाटली आणि सातवी करपली.

"आये, सरक, मी करते," लेक भाविका म्हणाली. "आणि त्या कागदावर सही करू नकोस. मामा कितीही गोड बोलला तरी."

कागद पिशवीत होता. हक्कसोडपत्र. मोठा भाऊ जनू यानं माहेरून पाठवलेलं, खाली तिचं नाव टाईप करून.

माहेर पेणजवळच्या खारेपाटात. बाप गेल्यावर घरामागची अकरा गुंठे जागा सातबारावर तीन नावांनी लागली होती. एक जनू, दुसरी चंद्रावती, तिसरा धाकट्या मयत भावाचा पोरगा धनेश. निम्म्या जागेत जिताडे मासे पाळायचं तळं, बाकी कोरडी. धनेश डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जायचा. त्याला या जागेवर तिथल्या कामगारांसाठी खोल्या काढायच्या होत्या. जनूचा जीव तळ्यात. वर्षभर दोघं भांडत होते. शेवटी तलाठी भाऊसाहेब कावून म्हणाले, "तिघांनी मिळून एक नकाशा ठरवा, सह्या करा, सोमवारी तहसीलदारांपुढं ठेवू. नायतर कोर्टात जा आणि नातवंडांना तारखा ठेवून जा."

तिकडची रीत चंद्रावतीला पाठ होती. बहीण हक्क सोडते, भाऊ साडी नेसवतो, माहेरचं दार उघडं राहतं. तिच्या दोन चुलत बहिणींनी सोडला. तिसऱ्या मालूनं सोडला नाही, तर तिला भाचीच्या हळदीचं बोलावणं आलं नाही. चंद्रावतीचा जन्म भाड्याच्या खोलीत गेला, नवराही त्याच खोलीत गेला. स्वतःच्या नावाची म्हणून जगात सातबारावरची ती एक ओळ. ती पुसायची, की दार लावून घ्यायचं? माहेरी निघालेली एसटी नागोठण्यापर्यंत दिवे लावून रांगत होती. पेणला उतरून मिनीडोर रिक्षात बसली तेव्हा पिशवीचा बंद तिनं पिळून पिळून दोरी करून टाकला होता.

"आलीस गो बाय? बस, चाय ठेवतंय," जनूची बायको शकूवहिनी म्हणाली. खाटेवर नव्या साडीचा खोका मांडून ठेवलेला. चंद्रावतीनं तिकडे बघायचं टाळलं.

"सही करून टाक, मंग जेवाया बसू," जनू म्हणाला.

धनेश दारातच उभा होता. "काका, आत्याला साडी दाखवतोस, नकाशा कुठंय?"

"तूच काढ नकाशा! तुला तलं बुजवायचं हाय."

"माजा वाटा दे. त्यात मी काय पन करन."

"तुजा बापूस असता तर..."

"बापाचं नाव काढू नको, सांगून ठेवतो!"

धनेशनं पायरीवर पाय आपटला. शकूवहिनीच्या हातातला कप हिंदकळला. आता हे दोघे एकमेकांच्या अंगावर जाणार, असं वाटून चंद्रावतीच्या तोंडून निघून गेलं, "दादा, तूच वाटे कर."

दोघे तिच्याकडे वळले. तळं उपसलं की मासळीचे वाटे बांधावर मांडायचे आणि वाटे करील त्यानं शेवटी उचलायचं, हा बापाचा नेम. जनू थोरला, वाटे त्याचेच. शेवटी उचलूनही सगळ्यांना हवं असणारं जिताड्याचं डोकं दर वर्षी त्यालाच कसं मिळतं, हे चंद्रावतीला सातव्या वर्षी कळलं होतं. ज्या वाट्यात डोकं, त्यात ते तळाला दडवून वर बारकी चिंगळं पसरायची. असला भिकार वाटा कोण उचलतो? ती कधी बोलली नव्हती.

जनूनं मिशीवरून हात फिरवला. "चालंल. धनेश पयला, मंग तू. ऱ्हाईल ते माजं."

चुन्याची पिशवी घेऊन त्यानं तासभर रेघा मारल्या. रस्त्याकडेची कोरडी पट्टी. मागं तीन माडांची चांगली जागा. आणि बांधासकट तळं. "तलं म्हंजे काय, नुसतं पानी," तो म्हणाला. "उरलं तर गोड मानून घेन."

धनेश तळ्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला. चंद्रावतीनं मनात हिशेब केला. यानं तळं उचललं तर आठवड्यात मुरूम येऊन पडेल. पण तो वळला. "रस्त्याची पट्टी माजी."

आता चंद्रावती. माडांची जागा तिला आवडली. एक खोली, पुढं पडवी, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. मग तिनं बाहेर पडायची वाट शोधली. पुढं धनेशची पट्टी, बाजूला शेजाऱ्याची भिंत. राहिला तळ्याचा बांध, आणि तो चुन्याच्या रेघेत तळ्याबरोबर गेलेला. जागा तिची, पण पाऊल टाकायचं तर दर वेळी जनूला विचारून. दोन वर्षांत तोच कागद परत पुढ्यात आला असता.

ती जाऊन बांधावर उभी राहिली. "मी ह्यो उचलला."

"चंद्रे, तुला काय करायचंय गो पान्याचं?"

"डोकं तलाला दडवायची खोड नाय गेली तुजी, दादा."

शकूवहिनीला फस्सकन हसू आलं, पण जनूचा चेहरा बघून तिनं पदर तोंडाला लावला. जनू मटकन ओट्यावर बसला. लागलं दार, चंद्रावतीला वाटलं. आता लागलंच.

"धनेश, लिही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "बांधावरची वाट तिघांची. मासं दादानं पालायचं, वाटे तीन करायचं. तल्याला नाव माजं."

धनेशनं रेघांचा नकाशा काढून खाली ते लिहिलं, सही केली. तिनं केली. जनूनं पेन हातात घेतलं नाही. तळ्यात एक मासा उसळला, त्याची वर्तुळं काठाला लागून विरली.

"उधानाला खाडीचं पानी घ्यावं लागतं," शेवटी तो तळ्याकडे बघत म्हणाला. "बांधातल्या उघाडीचं दार कोन उघडंल? तू रोह्यावरनं येशील?"

"तू हायस ना."

जनूनं सही केली. जेवून जा, म्हणाला नाही. खोका खाटेवर तसाच राहिला. मिनीडोर सुटताना मात्र दारातनं ओरडला, "सोमवारी येलेवर ये. भाऊसाहेब थांबायचा नाय!"

ह्याला बोलावणं म्हणायचं का, हे चंद्रावतीला रोह्यापर्यंत ठरवता आलं नाही.

"मामा काय म्हणाला?" भाविकानं दारातच विचारलं.

"सोमवारी ये म्हनाला."

"आणि जेवलीस?"

"भाकरी हाय का शिल्लक?"

सकाळची करपलेली होती. ती तिनं चटणीशी खाल्ली, हात धुतले आणि उद्याच्या दळणाचे तांदूळ सुपात घेऊन खडे वेचायला बसली.