पेंटरकाकांच्या बाई

आमच्या कॉलेजसमोर पेंटरकाकांचं पत्र्याचं दुकान होतं. तिथे पेशवाईतल्या एका नर्तकीचं जुनं छापील चित्र टांगलेलं असे. काका तिला 'आमच्या बाई' म्हणत. ते बायकोबद्दल बोलतात, असंच मला वर्षभर वाटत होतं.

काकांनी रंगवलेली प्रत्येक स्त्री म्हणजे या बाईच. येवल्याच्या पैठणीच्या पाटीवरची नवरी, ट्रकमागची देवी, दवाखान्याच्या भिंतीवरची बाळंतीण, सगळ्यांची मान डावीकडे जराशी कललेली.

संस्थेच्या अध्यक्षांना दिवंगत आईचं तैलचित्र हवं होतं. मी चाचरत काकांचं नाव सुचवलं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि वसतिगृहातली माझी जागा अध्यक्षांच्याच सहीची.

चित्र पाहून मी हबकलो. डोक्यावर पदर, ठसठशीत कुंकू, पण मान डावीकडे.

"काका, ह्या तर बाई!"

"मग? फोटोत आईसाहेबांचा चेहराच उडालाय. बाईंना विचारलं, त्या बसायला तयार झाल्या."

अनावरणाला अध्यक्ष बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मला वसतिगृहाबाहेर काढून ठेवलेली माझी ट्रंक दिसू लागली. मग त्यांनी डोळे पुसले. "हुबेहूब आई! चेहऱ्यावरचं सोज्वळपण बघा."

"घरंदाजपणा लपत नाही, सर," प्राचार्य म्हणाले.

हार घातला गेला. सगळे रांगेने वाकले, मीही वाकलो. मागे उभ्या काकांनी रंगाचे हात पँटला पुसले आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "बघ रे, बाईंना आज न नाचता हार मिळाला."