एर्मेस पिरोवानोचे स्वतःचे पाय

माझ्या धाकट्या बहिणीशी, ओर्नेल्लाशी, लग्न केलं तेव्हा एर्मेस पिरोवानो सोफे विकत होता, आणि आजही तेच करतो. त्यात कमीपणा काही नाही. मिलानच्या पूर्वेला आमची जी गावं आहेत, तिथली अर्धी माणसं काही ना काही विकूनच पोट भरतात. पण एर्मेसला विचाराल तर तो सोफेवाला नव्हेच. तो सायकलपटू. ऐन विशीत गुडघ्याने दगा दिला म्हणून शर्यती सुटल्या, नाहीतर कुठल्या कुठे पोहोचला असता. त्या गुडघ्याला नेमकं काय झालं होतं, ते मी एकदा त्याच्या आईला विचारलं. म्हातारी वाटाणे सोलत होती. म्हणाली, "गुडघा? त्याला पहाटे उठवत नव्हतं."

पन्नाशी उलटल्यावर त्याला खडी सापडली. अद्दा नदीच्या काठाने, कास्सानोपासून वर त्रेत्सो आणि पादेर्नोकडे, एक जुनी वाट जाते. पूर्वी तिच्यावरून घोडे प्रवाहाविरुद्ध होड्या ओढून नेत. पांढरी खडी, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला झाडी, आणि मोटारींना मज्जाव. आम्ही लहानपणी तिथे बदकांना पाव टाकायला जायचो. एर्मेस मात्र ती वाट त्यानेच शोधून काढली असल्यासारखा बोलायला लागला. त्याने रुंद टायरची सायकल घेतली, दहाबारा जण गोळा केले, मंडळाला 'धूळ' असं नाव दिलं, धुळीच्याच रंगाचे सदरे शिवून घेतले आणि स्वतःला अध्यक्ष करून टाकलं. 'डांबर' हा शब्द तो असा उच्चारायचा, की दुसऱ्या कोणी 'गटार' म्हणावं. मोटारींशिवायच्या आयुष्यावर तो तासभर बोलू शके. मग सायकल टपावर बांधून मोटारीने घरी जाई. घरापासून कास्सानोपर्यंत डांबर होतं ना.

मी त्या मंडळात होते, कारण ओर्नेल्लाने गळ घातली होती. "घरचं कोणीतरी असू दे गं त्याच्याबरोबर," असं ती म्हणाली होती. शिवाय ती वाट मला आवडते. एर्मेसमुळे ती सोडायची मला काही गरज वाटली नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात आन्सेल्मो नवी सायकल घेऊन आला. आन्सेल्मो म्हणजे ट्रामचा निवृत्त ड्रायव्हर. सत्तरी ओलांडलेला, एक फुप्फुस काढून टाकलेलं, ते त्याने कोणाला सांगितलेलं नाही. मला माहीत, कारण त्याची मुलगी माझ्या शेजारी राहते. तिनेच त्याला बॅटरीवरची सायकल घेऊन दिली होती. कालव्यालगतच्या कॉफीच्या दुकानापुढे आम्ही सगळे उभे होतो. एर्मेसने त्या सायकलभोवती एक फेरी मारली.

"आयुष्यभर विजेवर चाललास," तो म्हणाला, "आणि निवृत्त झालास तरी तारेला लटकलेलाच."

हसले सगळे. सोफेवाल्याचा विनोद तसा बरा होता.

"एर्मेस, पुरे," मी म्हटलं.

"नियम म्हणजे नियम, नीवेस. इथे जो येतो तो स्वतःच्या पायांवर येतो. मी काय उद्या घोडा आणू?"

आन्सेल्मोही हसला. शांतपणे कॉफी संपवली, पैसे ठेवले आणि सायकल वळवली. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतरही नाही.

जानेवारीत एर्मेस अचानक महिनाभर गायब झाला. टेनेरिफ बेटावर सरावाला गेलाय, असं मंडळात जाहीर झालं. तो परतल्यावर मी त्यांच्याकडे जेवायला गेले, तर माणूस उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा.

"ऊन नव्हतं का रे तिकडे?" मी विचारलं.

"क्रीम लावायचो. त्वचेची काळजी घ्यायला हवी."

ओर्नेल्ला आपल्या सूपच्या वाडग्यात काहीतरी शोधत राहिली.

मार्चमध्ये नवी सायकल आली. काळी, मुद्दाम बनवून घेतलेली म्हणे. आणि एर्मेस उडायला लागला. पादेर्नोच्या चढावर, जिथे आमची जीभ बाहेर येते, तिथे हा आमच्या बाजूने गप्पा मारत वर जायचा. वर थांबून आम्हाला शिकवायचा. "श्वास, नीवेस. तू श्वासावर ताबा ठेवत नाहीस. वय काही नसतं, सगळं डोक्यात असतं." मंडळातली मंडळी माना डोलावत. एकाने त्याचं पाहून मांस सोडलं, दुसऱ्याने लग्नाच्या वाढदिवशी बायकोला घरी ठेवून चढ चढायला सुरुवात केली. मीही, खोटं कशाला बोलू, आठवडाभर श्वासाचे व्यायाम केले.

मे महिन्यात वादळ झालं आणि त्रेत्सोच्या पुढे वाटेवर पॉप्लरचं एक झाड आडवं पडलं. बुंधा छातीएवढा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी. आमच्यात दोनाता आहे, पावभट्टी चालवते, पिठाची पोती उचलून हात लोखंडासारखे झालेत. ती बुंध्यावर चढून बसली आणि एकेक सायकल एका हाताने घेऊन पलीकडे देऊ लागली. एर्मेसची पाळी आली.

"माझी मी देतो," तो म्हणाला.

"आण इकडे, उगाच नखरे नकोत."

"नको म्हटलं ना."

तोवर दोनाताने सायकल पकडलीसुद्धा. तिचा हात खाली गेला. दुसरा हात लावून तिने सायकल मांडीवर घेतली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"एर्मेस, आत सोफा घातलायस का?"

"हत्यारं आहेत."

"कसली? ऐरण?"

मी बुंध्याच्या अलीकडेच होते. सायकलीच्या वरच्या दांडीवर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला होता, तो इतके दिवस मला ओरखडा झाकलेला वाटायचा. मी नखाने तो काढला. खाली बॅटरीचा, मटारच्या दाण्याएवढा हिरवा दिवा जळत होता.

एर्मेस बुंध्यावर टेकला, हेल्मेट काढलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "हृदयासाठी आहे ते."

मग सगळं बाहेर आलं. जानेवारीत तो टेनेरिफला नव्हता, हॉस्पिटलात होता. धमनीत जाळी बसवली होती. डॉक्टरांनी चढ बंद करायला सांगितलं होतं. मंडळींचे चेहरे उतरले. दोनाताने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस मेला असता आणि आम्हाला कळलंही नसतं. त्याने तिथेच थांबायला हवं होतं.

"आणि आन्सेल्मो?" मी विचारलं.

"त्याचं काय?"

"त्याला तू हाकललास."

"त्याची गोष्ट वेगळी. तो आळसाने बॅटरीवर गेला. माझं वैद्यकीय कारण आहे."

"त्याला एकच फुप्फुस आहे, एर्मेस."

त्याने क्षणभर विचार केला. खरंच केला, मी पाहिलं. मग म्हणाला, "मग त्याने तसं सांगायला हवं होतं."

हेल्मेट चढवून तो निघाला, आणि आता लपवायचं काही उरलं नसल्यामुळे पूर्वीपेक्षाही जोरात गेला. आम्ही मागून धापा टाकत.

संध्याकाळी मी ओर्नेल्लाकडे गेले. ती त्याच्या धुळीच्या रंगाच्या सदऱ्याला इस्त्री करत होती.

"मलाही खोटं सांगितलंस," मी म्हटलं.

"त्याने शपथ घातली होती. तिथे पलंगावर रडला गं तो. म्हणाला, मंडळींना कळलं तर मग मी कोण?"

"सोफेवाला."

तिने इस्त्री उभी ठेवली. "तुला सोपं आहे. तुला कोणाची वाट बघायची नसते."

ते मला लागलं. मी कोट घेतला आणि निघाले. एर्मेसला तुच्छ मानताना माझी बहीण मध्ये येते, हीच काय ती अडचण.

दुसऱ्या दिवशी आन्सेल्मोला सांगितलं. मला वाटलं होतं, तो काहीतरी उदार बोलेल आणि मला लाजवेल. तसलं काही झालं नाही. तो खोकला येईपर्यंत हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "ते चिकटपट्टीचं परत सांगा." मी परत सांगितलं. तेव्हापासून गुरुवारी आम्ही तिघं, तो, दोनाता आणि मी, त्या वाटेने जातो. तो पुढे, आम्ही मागे. कोणी कोणाला श्वास शिकवत नाही.

लाजेने एर्मेस आता मंडळ मोडेल, असं वाटणारी मी एकटीच खुळी. सप्टेंबरात तो त्याच कॉफीच्या दुकानापुढे उभा राहिला, हिरवा दिवा उघडा ठेवून, आणि बॅटरी म्हणजे धैर्य कसं, यावर बोलला. शरीराचं ऐकायला मोठं मन लागतं म्हणे. जुनी माणसं ताठरपणाने मरतात म्हणे. मंडळी पुन्हा माना डोलावत होती, तीच मंडळी. नाताळपर्यंत त्यातल्या निम्म्यांनी बॅटरीवरच्या सायकली घेतल्या. त्यांच्या हृदयांना काहीही झालेलं नव्हतं. ज्याने मांस सोडलं होतं त्याने सर्वात महागडी घेतली.

मग अध्यक्षांना सुचलं, की मंडळाच्या वार्षिक जेवणाला आन्सेल्मोला बोलवावं आणि 'आमचा पहिला बॅटरीवाला' म्हणून त्याच्यासोबत फोटो काढावा. निरोप माझ्याकडेच दिला. मी आन्सेल्मोला म्हटलं, जाऊ नका, अपमान आहे हा.

"जेवायला काय आहे?" त्याने विचारलं.

"मक्याच्या पिठाचा पोलेंटा आणि रानडुकराचा रस्सा."

आन्सेल्मो गेला. टाय लावून गेला. एर्मेसच्या उजव्या हाताला बसून दोन ताटं पोलेंटा खाल्ला, लाल वाइन प्यायला, भाषण चालू असताना रस्सा पुन्हा मागितला. मग फोटोसाठी खुर्च्या हलवायला सुरुवात झाली, तेव्हा टोपी घालून उठला, ओर्नेल्लाचे आभार मानले आणि सायकल काढून घरी गेला.

फोटो त्याच्याशिवाय झाला. एर्मेस मधोमध उभा आहे, हेल्मेट काखेत, पोट आत घेतलेलं.