डाव्या खांद्यातला कापूस

माझ्या प्रत्येक कुर्त्याच्या डाव्या खांद्यात आतून कापसाची एक छोटी गादी शिवलेली असायची. कापूस समुद्रपूरच्या मामाच्या शेतातला, शिवण आईची. आठवीत असताना माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर दिसायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, पाठीचा कणा उजवीकडे वळला आहे, ऑपरेशन लागेल इतका नाही, व्यायाम करत राहा. व्यायाम मी काही महिने केला. गादी मात्र आईने कधी चुकवली नाही.

"कोनाले सांगाची गरज नाई," ती म्हणायची.

मलाही सांगायचं नव्हतंच. बोरगाव मेघेच्या आमच्या गल्लीत कोणाला कळलं नाही. शाळेत पीटीच्या तासाला माझं पोट दुखायचं.

मग मी फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. का, ते घरी कोणी विचारलं नाही.

वर्ध्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षी आम्ही एकमेकींच्या पाठीवरच शिकत होतो. मान खाली घातली की तळाशी एक उंचवटा बोटाला लागतो, तो मानेचा शेवटचा मणका. तिथून बोटं मोजत खाली न्यायची. कोणत्याही दोन मणक्यांमधली हालचाल अगदी थोडी असते. मान वळते, छातीचा भाग पीळ घेतो, कंबर वाकते. त्या सगळ्या थोड्याथोड्याच्या बेरजेतून माणूस वाकून चप्पल उचलतो. हे मला फार आवडलं होतं.

पहिल्या प्रॅक्टिकलला कपड्यांवरूनच तपासायचं होतं. माझी जोडीदारीण हिंगणघाटची, बोलकी. ती माझ्यामागे उभी राहिली.

"बाई, तुये खांदे तं पट्टी लावून काढल्यासारखे हायेत. माये पाह्य, एक इकडे, एक तिकडे."

तिने लिहिलं, दोन्ही खांदे समान. मॅडमनी सही केली. पुढच्या वेळी पडद्याआड कुर्ता काढून ॲप्रन उलटा घालायचा, म्हणजे बटणं मागे येतील आणि पाठ उघडी राहील, असं सांगून त्या गेल्या.

पोट दुखायला लावणं मला सहज जमलं असतं. पण ती सही डोळ्यांसमोरून जात नव्हती. जोडीदारणीने नीट पाहिलं होतं, आणि तरी चुकीचं शिकली होती. उद्या तिच्यापुढे आठवीतली एखादी मुलगी उभी राहिली असती, असाच कुर्ता घालून.

आदल्या संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीचा कुर्ता घेऊन खांद्याची शिवण उसवायला बसले.

"काऊन उसवून राह्यली?" आईने विचारलं.

"उद्या वर्गात पाठ दाखवायची आहे."

"मंग दुसरीले उभी कर ना. मुली कमी हायेत का तिथं?"

"मीच उभी राहणार."

"अन् उद्या पाव्हने येतीन पाहाले, त्याईले काय सांगशीन?"

"वाकून दाखवीन."

ती हसली नाही. आत निघून गेली. मी उरलेले टाके काढले.

सकाळी ऑटोत मी पहिल्यांदाच ओढणी सारखी न करता बसले.

पडद्याआड आम्ही मुलीच होतो. मी उलटा ॲप्रन घातला, तळहात जुळवले आणि पुढे वाकले. उजव्या बाजूच्या बरगड्या पाठीतून वर येतात, हे मला माहीत होतं. जोडीदारणीची थंडगार बोटं मानेपासून खाली आली आणि थांबली.

"मॅडम, हा इथून उजवीकडे जाऊन राह्यला." मग हळूच मला म्हणाली, "मी तं मागच्या वेळी समान लिहिलं."

"तू बरोबर पाहिलंस. आत कापूस होता."

"किती क्विंटल?"

वाकलेल्या अवस्थेत हसणं अवघड असतं. मॅडमनी मला विचारलं, बाकीच्यांनी पाहिलं तर चालेल का. मी हो म्हटलं. मणके बाजूला वळतात तेव्हा स्वतःभोवती फिरतातही, म्हणून बरगड्या वर येतात, असं त्या समजावत होत्या. एकेक हात पाठीवरून गेला. शेवटचा हात निघेपर्यंत मी सरळ झाले नाही.

दिवाळीच्या कुर्त्याचं माप घेताना आईचा टेप डाव्या खांद्यावर अडला.

"कापूस टाकू का नको?"

"नको."

तिने पुन्हा दोन्ही खांदे मोजले, या वेळी वेगवेगळे.

"मंग डावा उतरता कापा लागन," ती म्हणाली आणि खडूने कापडावर रेघ ओढली.