फोटोत नसलेल्या बाई

डॉ. मालती केळशीकर यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या गुडघ्यांवर होत्या. २०११ साली मी पुण्याहून हॅमिल्टनला आलो आणि इथल्या कुरण-संशोधन संस्थेत आकडेवारीच्या कामावर रुजू झालो. पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आले की विभागप्रमुख बाहेर आहेत. बाहेर म्हणजे मीटिंगला, असा अर्थ मी लावला. बाई खरोखरच बाहेर होत्या. अंगात रेनकोट, पायांत गंबूट, आणि ओल्या कुरणात गुडघे टेकून क्लोव्हर या चाऱ्याचे रोप मुळासकट उपटण्याचे काम चालले होते. आधी "किया ओरा" हा इथला नमस्कार झाला, मग माझे आडनाव ऐकून थेट मराठीत, "पुण्याचे का? हात पुढे करा."

मी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. बाईंनी त्यावर चिखलासकट ते रोप ठेवले. मुळांवर बारीक गाठी होत्या. त्यांतली एक बाईंनी नखाने फोडून दाखवली, आत गुलाबी रंग होता.

"ही काम करतेय. आत पांढरी निघाली, तर नुसती बसून खातेय असं समजायचं. आपल्या संस्थेत दोन्ही प्रकार आहेत. तुम्ही कोणते, ते कळेलच."

ते त्यांना काय कळले, हे त्यांनी मला आजतागायत सांगितलेले नाही. विचारण्याचे धाडस मीही केलेले नाही.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शास्त्रीय कामाविषयी जाणकारांनी लिहिले आहेच. माझ्यासारख्याने एवढेच सांगावे की हवेतला नायट्रोजन मुळांवाटे जमिनीत आणणाऱ्या वनस्पतींवर त्यांनी उभे आयुष्य घालवले. खत विकत घेणे ज्यांना परवडत नाही, अशांच्या जमिनीकडे त्यांचे लक्ष प्रथम जाते. या कामामुळेच एका जर्मन प्रतिष्ठानाने त्यांना आपल्या निवड समितीवर बोलावले. जर्मन आणि आफ्रिकी संशोधकांनी मिळून कार्यशाळा घ्याव्यात, एकत्र संशोधन करावे, यासाठी हे प्रतिष्ठान निधी देते. दोन्ही खंडांबाहेरचे तटस्थ माणूस म्हणून बाईंची नेमणूक झाली होती, पण तटस्थपणा त्यांना कधी जमलाच नाही. कोणताही प्रस्ताव आला की त्या आधी एकच गोष्ट विचारत, "प्रश्न कोणाचा आहे?" संशोधनाचा प्रश्न जर्मनीत ठरलेला आणि आफ्रिकी भागीदाराच्या वाट्याला फक्त मातीचे नमुने गोळा करणे आलेले, असे दिसले की प्रस्ताव कितीही देखणा असो, बाई तो परत पाठवत. "हे सहकार्य नाही, ही हमाली आहे," हे त्यांचे त्यावरचे मत असे.

डॉ. एस्तेर नामुकासा यांचा प्रस्ताव मात्र बाईंनी डोक्यावर घेतला. नामुकासा युगांडातल्या एका पशुचारा केंद्राच्या प्रमुख. ज्याच्याकडे कुरणच नाही, ज्याची गाय रस्त्याकडेला बांधलेली असते, त्याच्या बांधावर कोणते द्विदल टिकेल, हा त्यांचा प्रश्न होता. जर्मनीचे प्राध्यापक फॉस मुळांचे अभ्यासक म्हणून त्यांच्याबरोबर आले. पहिली कार्यशाळा जर्मनीत झाली, दुसरी युगांडात आणि तिसरी, २०१४ साली, हॅमिल्टनला. यजमान आमची संस्था होती. इथवर मी अभिमानाने लिहू शकतो.

त्यापुढचे लिहिण्याआधी एक घरगुती आठवण सांगून घेतो, कारण नंतर ती सांगण्याच्या मनःस्थितीत मी नसेन. त्या वर्षी माझी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे होती. हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या आमच्या नव्याकोऱ्या वस्तीत दिवसा चिटपाखरू दिसत नाही. नात इंग्रजीत उत्तरे देते आणि आई खिडकीशी बसून राहते, हे बाईंच्या एका भेटीतच लक्षात आले. दुसऱ्या आठवड्यात त्या आईच्या मापाचे गंबूट घेऊनच आल्या. पुढे दर मंगळवारी आई बाईंच्या प्रयोगाच्या वाफ्यांमध्ये तण काढायला जाऊ लागली. पुण्याला फोनवर ती मावशीला सांगे, "मला मंगळवारी फोन करत जाऊ नकोस, माझी ड्यूटी असते." परत जाताना तिने ते गंबूट सामानात भरले. पुण्यात ते कशासाठी लागतील, हे विचारायची सोय नव्हती.

तर तिसरी कार्यशाळा. शेवटच्या संध्याकाळी आमच्या मराठी मंडळाने रोटोटुनाच्या हॉलमध्ये पाहुण्यांचा सत्कार ठेवला. सत्कार म्हणजे शाल-श्रीफळ, त्याशिवाय आपल्याला सत्कार झाल्यासारखे वाटत नाही. शाली कुणाच्या तरी बॅगेतून पुण्याहून आलेल्या, नेमक्या तीन. नारळ ओटाहुहूच्या बाजारातून आणलेले, त्यांना शेंडी नव्हती, यावर कार्यकारिणीत बराच वाद झाला. शाली कुणाला द्यायच्या यावर वाद झाला नाही. एक बाईंना, एक प्राध्यापक फॉस यांना आणि एक प्रतिष्ठानाकडून आलेल्या फेलिक्स नावाच्या तरुणाला. त्या बैठकीत मी होतो. निधी जर्मनीचा, तेव्हा प्रमुख पाहुणे जर्मन, हे आम्हा सगळ्यांना इतके सरळ वाटले की कुणाच्या तोंडून दुसरे नाव निघालेच नाही.

फेलिक्स प्रतिष्ठानाच्या कार्यालयात प्रवासाची तिकिटे काढण्याचे काम करत असे. व्यासपीठावर बोलावल्यावर तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "नो, नो, आय ओन्ली डू द बुकिंग्ज!" हा जर्मन विनय समजून सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. मीही केला. डॉ. नामुकासा तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. सगळे संशोधन ज्यांच्या प्रश्नावर उभे होते, त्या.

फोटोची वेळ झाली. बाई आनंदात होत्या. खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्यात फोन. फोटो कुणाकडून काढून घ्यावा म्हणून त्यांनी समोर पाहिले, ओळखीचा चेहरा दिसला, आणि व्यासपीठावरून वाकून त्यांनी आपला फोन डॉ. नामुकासांच्या हातात दिला. "एस्तेर, प्लीज, वन फोटो?"

डॉ. नामुकासा उठल्या. दोन पावले मागे सरकल्या, सगळे नारळ चौकटीत येतील असे पाहिले आणि म्हणाल्या, "स्माइल, प्रोफेसर." फोटो फार छान आला.

फोन परत घेताना बाईंचा हात मध्येच थांबला. मी शेजारीच होतो. आयुष्यभर "प्रश्न कोणाचा" म्हणून जगाला विचारणाऱ्या या बाईंच्या चेहऱ्यावरचे हसू उतरताना मी पाहिले. त्या मला हलक्या आवाजात म्हणाल्या, "नितीन, हे मी काय केलं?" खरे सांगायचे तर तोवर मला काही खटकलेही नव्हते. बाईंना लाज वाटलेली पाहून मला लाज वाटली, आणि ही गोष्ट मला आजही जास्त बोचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या मोटेलवर बाईंना मीच गाडीने नेले. आदल्या दिवशीची शाल त्यांनी घडी करून पिशवीत घेतली होती. मी गाडीतच थांबतो म्हणालो, पण बाई म्हणाल्या, "तूही चल. टाळ्या तूही वाजवल्यास."

डॉ. नामुकासांनी आम्हांला चहा दिला. बाईंनी आडवळण न घेता माफी मागितली. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "प्रोफेसर, मनाला लावून घेऊ नका. मला सवय आहे."

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. बाईंनी पिशवीत हात घातला, तशा डॉ. नामुकासा म्हणाल्या, "नको. ती शाल आज दिलीत, तर बरं तुम्हांला वाटेल. मला नाही."

बाईंनी हात बाहेर काढला. परतताना ती पिशवी त्यांनी मांडीवर धरून ठेवली होती.

आपल्यापैकी बहुतेकांना लाज वाटते, पण चार दिवसांत आपण ती विसरतो, किंवा तिच्यावर पांघरूण घालतो. बाईंनी ती शाल कार्यालयात रेनकोटशेजारी खुंटीला टांगली. येणारा प्रत्येक जण विचारी, "ही इथे कशी?" आणि बाई त्याला सगळी हकिगत सांगत. स्वतःला सूट न देता सांगत. विद्यार्थ्यांना सांगितली, संचालकांना सांगितली, जर्मनीत निवड समितीच्या बैठकीतही सांगितली. प्राध्यापक फॉस मला म्हणाले होते, "त्या दिवशी आमच्यातल्या कुणालाच चहाबरोबरचा केक गिळवला नाही." त्याच बैठकीत बाईंनी सुचवले की ज्याचा प्रश्न, त्याच्याकडे यजमानपद. त्यानेच निमंत्रणे द्यावीत, त्यानेच उद्घाटन करावे, आणि निधीही त्याच्याच संस्थेकडे जावा. प्रतिष्ठानाने ते मान्य केले. पुढच्या कार्यशाळा युगांडातल्या केंद्रात गेल्या आणि आमच्या संस्थेच्या हातून त्या सुटल्या. "येणारा निधी बाई स्वतःच्या हाताने परत पाठवतात," अशी कुजबुज इथे बरेच दिवस चालली. बाईंच्या कानावर ती जात असे. त्या म्हणत, "बरोबरच बोलतायत की."

युगांडातल्या कार्यशाळेला मीही गेलो होतो. तिथे बाईंनी आपले काम स्वतःच ठरवून घेतले. खुर्च्या लावायच्या आणि फोटो काढायचे. खुर्च्या त्या उत्तम लावतात. फोटोंविषयी मात्र या गौरवलेखातही मला खोटे बोलवत नाही. लांब शिंगांच्या गाईंसमोर काढलेल्या समूहचित्रात सगळी शिंगे टोकापर्यंत आली आहेत, संशोधक गळ्यापर्यंत आहेत. डॉ. नामुकासा तो फोटो पाहून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावे लागले. मोटेलमधल्या त्या सकाळनंतर त्यांना बाईंसमोर मोकळेपणी हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. पण शालीचा विषय त्यांनीही काढला नाही आणि बाईंनीही नाही.

तेव्हापासून प्रत्येक कार्यशाळेत फोटो बाईच काढतात. या ग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडे बाईंची अलीकडची छायाचित्रे मागितली, तेव्हा ही गोष्ट माझ्या ध्यानात आली. शोध शोध शोधले. त्यानंतरच्या इतक्या वर्षांच्या कामातला बाईंचा एकही फोटो नाही. बिनडोक्याची विद्वान मंडळी मात्र ढीगभर आहेत.

इथे लेख संपवता आला असता, तर बरे दिसले असते. पण गेल्या महिन्यातली गोष्ट लपवून बाईंचा गौरव करणे मला जमणार नाही. साठीच्या समारंभाचा बेत पक्का झाला आणि समितीच्या वतीने मी तो बाईंना फोनवर सांगत होतो. हॉल तोच, रोटोटुनाचा. व्यासपीठावर संस्थेचे संचालक, मंडळाचे अध्यक्ष, जर्मनीहून खास येणारे प्राध्यापक फॉस.

"आणि एस्तेर?" बाईंनी विचारले.

"त्यांचा शुभेच्छासंदेश मागवणार आहोत ना, बाई. व्हिसाचं केवढं झंझट असतं, शिवाय इतक्या लांबून..."

"फॉस जवळून येतोय का?"

  मग बाईच म्हणाल्या, "बरं. मग त्या दिवशी फोटो मी काढते." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. ती खुंटीवरची शाल मी वर्षानुवर्षे रोज पाहत होतो. तिची गोष्ट बाईंच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की मधली वाक्ये मला पाठ होती. आणि तरी व्यासपीठ आखताना माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा तीच माणसे आली. मुद्दाम कुणाला वगळले असते, तर निदान आठवण तरी ठेवली असती. आम्हांला त्यांची आठवणच झाली नव्हती.

त्याच दिवशी मी डॉ. नामुकासांना फोन केला. निमंत्रण का उशिरा जात आहे, तेही जसे घडले तसे सांगितले. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "फोटो कोण काढणार?"

"मी," म्हणालो.

"मग येते. पण तुम्हां लोकांना बरं वाटावं म्हणून नुसती शेजारी बसायला येणार नाही. मला बोलायला वेळ द्या. मालतींनी मुळांवर जे काम केलंय, ते तुमच्या हॉलमध्ये नीट सांगू शकेल असं माणूस माझ्याशिवाय आहे का?"

नाही, असे मी कबूल केले. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आणि त्यांना सांगा, ती खुंटीवरची शाल घेऊन या. आता मला हवी आहे."

हा निरोप मी बाईंना दिला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ प्रश्न, "ड्राय क्लीनिंगला कुठे देतात रे इथे? धूळ बसलीय तिच्यावर."

बाई, समारंभाच्या दिवशी तुम्ही आणि डॉ. नामुकासा मधोमध उभ्या राहाल आणि कॅमेऱ्यामागे मी असेन. डोकी कापली जाणार नाहीत, एवढी हमी देतो. तुमचे गुडघे असेच ओल्या कुरणात टेकत राहोत आणि तितक्याच सहज वर उठत राहोत. तुम्हांला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. हे मागण्यात आमचा स्वार्थ आहे. आम्हांला अजून पुष्कळ गोष्टींची लाज वाटायची राहिली आहे, आणि तुमच्यावाचून ती वाटेल याची मला खात्री नाही.