‘मला न्हाई जायचं’ला इटालियनमध्ये काय म्हणतात

लग्न होऊन जालन्याला आले, तेव्हा पुण्यात शिकलेलं इटालियन इथं कुणाच्या कामी येईल असं वाटलं नव्हतं. मग एका बालगृहाच्या अधीक्षिकाबाईंचा फोन आला. मंठ्याकडच्या दोन बहिणींना इटलीतलं जोडपं दत्तक घेणार होतं. थोरली आठ वर्षांची, धाकटी पाचाची. आई वारलेली. “बोलण्यापुरतं शिकवा,” बाई म्हणाल्या.

पावाला ‘पाने’ म्हणतात हे ऐकून धाकटी खदखदून हसली. “तिकडं पानं खातेत?” थोरली आठवडाभर तोंड मिटून बसली. एकदा मी सांगितलं, की इटालियनमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ असतात, ‘ते’ नसतं. तेव्हा पहिल्यांदा तिनं विचारलं, “मंग लेकरू कोण असतं?”

पुढच्या तासाला ‘व्होल्यो’ घेतलं, म्हणजे ‘मला हवं’. त्यातला ल्य ‘गेल्या’तल्यासारखा. थोरलीनं तो एका झटक्यात बरोबर म्हटला आणि विचारलं, “‘मला न्हाई जायचं’ला काय म्हणतात?”

मी सांगितलं. “नॉन व्होल्यो आंदारे.”

दारात उभ्या असलेल्या बाईंनी मला बाहेर बोलावलं. “उद्या व्हिडिओ कॉल आहे. थोरली अडली तर धाकटीचंही राहील. हे कशाला शिकवलं?”

“तिच्या मनात तेच असेल तर?” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर ते दोघं आले. धाकटीनं दहापर्यंत आकडे म्हटले. मग थोरलीनं सरळ बघत म्हटलं, “नॉन व्होल्यो आंदारे.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. पडद्यावरचा नवरा खाली बघू लागला. त्याच्या बायकोनं मात्र सावकाश विचारलं, “भीती वाटते?” मी मराठीत सांगितलं. थोरलीनं होकाराची मान हलवली. “मलाही,” ती बाई म्हणाली.

थोरली माझ्याकडं वळली. “ती काय म्हणून राह्यली?” मी सांगितलं. “मोठ्या माणसाला कशाची भीती? विचारा तिला.”

मी विचारलं. आलेलं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. “तुम्हाला मी आवडले नाही तर, याची.”

 थोरलीनं धाकटीला मांडीवर ओढून घेतलं, खुर्ची पडद्याजवळ सरकवली आणि त्या बाईचा चेहरा निरखू लागली.

काही महिन्यांनी दोघी गेल्या. निघण्याआधी थोरलीनं विचारलं, “तिकडं मराठी कुणाशी बोलू?”

“धाकटीशी. रोज,” मी म्हटलं.

त्या बोलतात का, मला माहीत नाही.